दुसरं बिस्कीट

गेल्या मे महिन्यात मी इंग्लंडमधल्या आमच्या टाउन कौन्सिलवर बिनविरोध निवडून आलो. जागा होत्या तेवढेच अर्ज आले, त्यामुळे मतदान झालंच नाही. तासगावजवळच्या आमच्या गावात दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, चौकात फ्लेक्स लावला. त्यावर टाय घातलेला मी, मागे लंडनचा घड्याळाचा मनोरा, जो आमच्या इथून ट्रेनने तासाभरावर आहे, आणि कोपऱ्यात माझ्यापेक्षा मोठा दादा. हे मला कित्येक वर्षं हवं होतं. त्या संध्याकाळी सुनंदाने चहा आणला. बशीत एकाच प्रकारची बिस्किटं होती. मी उगाचच बायकोवर खेकसलो, घरात दुसरं काही नाही का म्हणून. मला कोण आठवलं ते तिला कळलं होतं.

लकेटबाईंवरचा माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगतो. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी गोडगोड लिहायची आपल्यात पद्धत आहे; ती मला जमणार नाही. मी आयुष्यभर घासाघीस करून वर आलो. कोणी मला सौद्यात हरवलं तर मी ते विसरत नाही, आणि लकेटबाईंनी मला दोनदा हरवलं.

इथलं आमचं गाव बेसिंगस्टोकच्या पलीकडे, बसने अर्ध्या तासावर. हाय स्ट्रीट एकच. त्यावर मिस आयरीन लकेट यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, वडिलांनी काढलेलं. खिळे, बिजागऱ्या, कुलपं, रंग, बागेची अवजारं. बाई बुटक्या आणि ताठ. डोक्यावर मोहरीच्या रंगाची, स्वतः विणलेली लोकरीची टोपी. ती उन्हाळ्यात, हिवाळ्यात, दुकानात, घरात, कायम डोक्यावरच असायची. त्यांचे केस कसे आहेत, आहेत की नाहीत, हे गावात कोणाला माहीत नव्हतं.

दुकान विकायला काढलेलं बरेच दिवस पडून होतं. मी तेव्हा टाइल्सच्या एका गोदामात मॅनेजर होतो आणि स्वतःचं काहीतरी काढायचं म्हणून धडपडत होतो. दुसरं गिऱ्हाईक नाही याची आधी खात्री करून घेतली आणि मगच बाईंकडे जाऊन पडता भाव सांगितला. त्यांनी विचारलं, अजून कोणी घ्यायला तयार आहे का? मी म्हटलं, नाही, मी एकटाच आहे, म्हणून तर लवकर हो म्हणा.

“मग मला विकता येणार नाही,” बाई म्हणाल्या. “एकानेच विचारायचं आणि मी हो म्हणायचं, याला विक्री म्हणत नाहीत. सुटका म्हणतात.”

मला वाटलं, भाव वाढवायची युक्ती. मी थांबलो. बाईही थांबल्या. शेवटी चिडून मीच माझ्या एका गुजराती मित्राला, हसमुखला, दुसरं गिऱ्हाईक म्हणून घेऊन गेलो. त्याला पढवून ठेवलं होतं की तू माझ्यापेक्षा कमी बोल आणि नाराज होऊन निघून ये. हसमुखने दुकानात पाऊल ठेवलं, छत बघितलं, मागचं अंगण बघितलं, आणि त्याचा चेहरा पालटला. पठ्ठ्याने माझ्या देखत माझ्यापेक्षा जास्त भाव सांगितला. मी वाढवला. त्याने वाढवला. रस्त्यावर येऊन आमची बाचाबाची झाली. अखेर दुकान मला मिळालं ते मी ठरवलेल्या भावापेक्षा बरंच वर. कागदांवर सह्या झाल्या तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, “तुमचा मित्र चांगला होता. अगदी खरा वाटला.” त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. हा पहिला पराभव.

दुकान विकलं तरी बाई रोज यायच्या. काउंटरच्या आतल्या बाजूला त्यांचं स्टूल होतं, ते मी दुकानाबरोबर विकत घेतलं होतं असं मला वाटायचं. त्यांना तसं वाटत नसे. बाकीचं गाव मला ‘मिस्टर जे’ म्हणायचं. कोणी ‘जॅग्स’. बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून आडनाव तीनदा म्हणवून घेतलं आणि मग कित्येक महिने स्टुलावर बसून ओठातल्या ओठात घोकत राहिल्या. एक दिवस गिऱ्हाइकांसमोर त्यांनी ‘मिस्टर जगदाळे’ अशी हाक मारली. ळ अगदी ठसठशीत. सुनंदा मागे हिशेब करत होती, ती उठून बाहेर बघायला आली.

गिऱ्हाईक विचारायचं, यातली चांगली बिजागरी कोणती? मी असतो तर महागडी हातात ठेवली असती. बाई दोन बिजागऱ्या काउंटरवर ठेवायच्या, कोणती कशासाठी ते सांगायच्या आणि चहा करायला आत निघून जायच्या. गिऱ्हाईक चुळबुळत राहायचं. मी त्यांना एकदा म्हटलं, बाई, सांगून टाका ना एकदाचं. त्या म्हणाल्या, “सांगणं सोपं असतं. मग तो घरी जाऊन मला शिव्या देतो. निवडली असेल तर निदान स्वतःला देतो.”

त्यांच्या घरी चहाला गेलं की बशीत दोन प्रकारची बिस्किटं असायची. एक चॉकलेटचं. दुसरं पांढुरकं, कोरडं, चवीला पुठ्ठा. ते दुसरं कोणीही कधी उचललेलं मी पाहिलं नाही. वर्षानुवर्षं तेच एक बिस्कीट बशीत फिरत असावं असा मला संशय होता. एकदा विचारलंच, कोणी खात नाही तर ठेवता कशाला?

“ते ठेवलेलं असतं म्हणून तुम्ही चॉकलेटचं घेता,” बाई म्हणाल्या. “नाहीतर मी दिलेलं खाता.”

मी हसलो. म्हाताऱ्या माणसाची लहर, एवढंच वाटलं. बिस्किटामागे काय आहे हे मला पुढे कळलं, आणि ज्या तऱ्हेने मी ते कळून घेतलं त्याने अजून झोप उडते.

मागच्या मुदतीत कौन्सिलची एक जागा मधेच रिकामी झाली. कौन्सिलर स्पेनला राहायला गेला. पोटनिवडणूक लागली. मला उभं राहायचं होतं. दुकान चाललं होतं, मागे टाइल्सची शोरूम झाली होती, मुलगी रिया युनिव्हर्सिटीत गेली होती. पण पैशाने एक गोष्ट मिळत नाही. तासगावकडच्या आमच्या गावात माझे चुलते एकदा बिनविरोध सरपंच झाले होते. आपल्याकडे बिनविरोध म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. गावाने एकमताने डोक्यावर घेतलं, नाव घ्यायला दुसरा माणूसच नाही. सरकार अशा गावाला बक्षीस देतं. चुलत्यांचे गुलालातले फोटो अजून भिंतीवर आहेत. मी परदेशात एकोणीस-वीस वर्षं खोकी उचलून इथपर्यंत आलो होतो. मला नुसतं निवडून यायचं नव्हतं. मला बिनविरोध यायचं होतं.

उभं राहणारा दुसरा एकच होता, क्रिकेट क्लबचा ग्रॅहम. मी त्याला पबमध्ये गाठलं. या वेळी मला जाऊ दे, पुढच्या मे महिन्यात तू उभा राहा, मी तुझी पत्रकं वाटीन. ग्रॅहमला मुळात घरोघर फिरायचा कंटाळा होता. त्याने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि हात पुढे केला. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सोपा सौदा. मी घरी येऊन दादाला फोन केला. दादा म्हणजे घाईचं दुसरं नाव. अर्जाची मुदत संपायला दोन दिवस असताना चौकात फ्लेक्स लागला: साहेबांच्या देशात आपला भाऊ बिनविरोध. पेढेही वाटले.

फ्लेक्सचा फोटो मी दुकानात सगळ्यांना दाखवला. बाईंनाही. त्यांनी चष्मा पुसून नीट बघितला. यावर काय लिहिलंय? मी अर्थ सांगितला. कोणी विरोधात नाही, म्हणून अभिनंदन. त्यांनी फोन परत दिला आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या त्या त्यांच्या चांगल्या कोटात. स्टुलावर बसल्या नाहीत.

“मिस्टर जगदाळे, मी आज बसने बेसिंगस्टोकला जाऊन माझा अर्ज देऊन आले. तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगायला आले.”

कसला अर्ज ते समजायला मला एक क्षण लागला. बाईंचं वय नव्वदीच्या पुढे. मी जवळच्या टाइल्सच्या खोक्याला लाथ मारली. टाइल शाबूत राहिली, माझा अंगठा सुजला.

घरी सुनंदाला सांगायला गेलो तर ती कणीक मळत म्हणाली की तिला माहीत आहे. अर्जावर अनुमोदक म्हणून तिचीच सही होती.

“तू?”

“म्हाताऱ्या बाईंनी सही मागितली, केली. मत कुठे मागितलं?”

“माझ्या बिनविरोध निवडणुकीवर तूच पाणी ओतलंस.”

“अहो, बिनविरोध तर तुम्ही या घरातसुद्धा नाही.”

फोनवर रियाही तिच्याच बाजूने. “बाबा, पण इलेक्शन म्हणजे कोणीतरी दुसरा पाहिजेच ना. नाहीतर तो इलेक्शन कसा?” तिचं व्याकरण दुरुस्त करायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

आपल्याकडे अर्ज भरल्यानंतरच खरी निवडणूक सुरू होते, माघारीची. कोणाला काय देऊन बसवायचं, कोणाची समजूत कुठे काढायची. इथे अर्जाची आणि माघारीची मुदत एकच, दुसऱ्या दिवशी दुपारी चारची होती. तोवर बाईंनी अर्ज मागे घेतला तर सगळं जुळत होतं. मी सकाळीच त्यांच्या घरी गेलो. चहा आला. बशी आली, चॉकलेटचं आणि पुठ्ठ्याचं.

मी सगळं मांडलं. चर्च हॉलच्या चढावर तुमच्या वडिलांच्या नावाचं बाक बसवतो, म्हाताऱ्यांना टेकायला. दुकानावर ‘लकेट’ ही पाटी पुन्हा लावतो, माझ्या नावाच्या वर. पितळी स्क्रू, जे वर्षातून दोन माणसं नेतात, ते कायमचे ठेवतो. बाई प्रत्येक गोष्ट कौतुकाने ऐकत होत्या, जशा त्या दुसऱ्याच्या नातवंडांच्या गोष्टी ऐकायच्या.

“तुम्हाला हवंय तरी काय?” मी शेवटी म्हटलं.

“मतदान,” त्या म्हणाल्या. “जिंकायचं नाही. तुम्ही चांगले कौन्सिलर व्हाल. तुम्ही चांगलं बिस्कीट आहात, मिस्टर जगदाळे. मी दुसरं.”

मग त्यांनी ती हकीकत सांगितली. गावात कोणाला सांगितली होती की नाही माहीत नाही. मला सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

दुसऱ्या महायुद्धात इथल्या मोठ्या पक्षांनी आपसांत तह केला होता. पार्लमेंटची एखादी जागा मधेच रिकामी झाली, तर ती ज्या पक्षाची होती त्यानेच माणूस द्यायचा, बाकीच्यांनी उभं राहायचं नाही. लढाई चालू असताना घरात भांडण नको. त्यांच्या भागातला खासदार वारला आणि त्याच पक्षाने एक माणूस पाठवला, ज्याला इथे कोणी पाहिलेलं नव्हतं. तो मतदानाशिवाय निवडून यायचा होता. तेव्हा बाईंचे वडील, हार्डवेअरचे दुकानदार, अपक्ष म्हणून उभे राहिले. ब्लॅकआउटमध्ये लोक अडखळू नयेत म्हणून फुटपाथच्या कडा चुन्याने पांढऱ्या करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचं एकच म्हणणं होतं: पोरं परदेशात कशासाठी मरताहेत ते आपण रोज रेडिओवर ऐकतो, मग त्यातलं थोडंसं इथेही होऊ दे. कागद मिळत नव्हता म्हणून वॉलपेपरच्या मागच्या बाजूला त्यांनी हाताने पोस्टर लिहिली. पेट्रोल नव्हतं म्हणून सायकलने फिरले.

गावाने त्यांना वाळीत टाकलं. शत्रूला हवं तेच हा करतोय, म्हणाले. दुकानाच्या दारावर कोणीतरी चुना फासला, त्यांच्याच बादलीतला. बाईंचा थोरला भाऊ आफ्रिकेच्या वाळवंटात लढत होता. आईला बायका म्हणायच्या, मुलगा तिकडे आणि बाप असा. आई पोस्टरांकडे बघायची नाही. बाई तेव्हा शाळेत होत्या. वर्गातल्या मुली त्यांच्या बाकावर बसेनात.

मतदानाच्या दिवशी वडील चढावरून चर्च हॉलकडे चालले होते. एकटेच, चांगला कोट, डोक्यावर हॅट. शाळा सुटली होती. आयरीन एका मैत्रिणीबरोबर, त्या दिवशी बोलायला तयार झालेल्या एकाच मैत्रिणीबरोबर, समोरून येत होती. वडील दिसले आणि ती रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली. बेकरीच्या काचेत बघत उभी राहिली. काचेवर बॉम्बच्या भीतीने कागदी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या आणि आतले रॅक रिकामे होते.

“त्या काचेत बघण्यासारखं काही नव्हतं,” बाई म्हणाल्या. “फक्त ते दिसत होते. त्यांनी पलीकडून हॅट काढली. ओळखीच्या बाईला काढतात तशी. आणि पुढे गेले. मी वळले नाही.”

वडील हरले, डिपॉझिट जप्त झालं. पुढे ते पुष्कळ वर्षं जगले. त्या दिवसाविषयी एक शब्द बोलले नाहीत. आणि घरात त्या दिवसापासून बशीत दोन प्रकारची बिस्किटं यायला लागली, रेशनच्या काळातही. कसली का असेनात, पण दोन. ती पद्धत वडिलांनी पाडली की मुलीने, हे बाईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कारण घड्याळात अकरा वाजून गेले होते, मुदत चारची होती, आणि दादाचा फ्लेक्स चौकात उभा होता.

मला कोणी सौद्यात कोंडलं की माझं डोकं फिरतं आणि मग मी समोरच्याचं सगळ्यांत दुखरं ठिकाण शोधतो. सौदेबाजाला ते शोधावं लागत नाही. बाईंनी ते आत्ताच माझ्या हातात दिलं होतं.

मी म्हटलं, “तेव्हा स्वतःच्या बापाला ओळख दाखवली नाहीत. त्याचं प्रायश्चित्त माझ्या खर्चाने करू नका.”

बाईंनी बशी उचलून माझ्यासमोर धरली. मी दोन्हींतलं एकही घेतलं नाही.

“न घेण्याचाही हक्क आहे,” त्या म्हणाल्या. “चहा तरी घ्या, थंड होतोय.”

मी उठून आलो. चार वाजले. बाईंचा अर्ज राहिला.

दादाला फ्लेक्स उतरवावा लागला. तो मला म्हणाला, एक म्हातारी आवरता येत नाही तुला? नंतर त्याने तो फ्लेक्स गोठ्यावर ताडपत्री म्हणून घातला, माझं तोंड वर करून.

मग मला घरोघर फिरावं लागलं. हा मला शिक्षेसारखा प्रकार वाटला. इतकी वर्षं ज्यांना स्क्रू आणि टाइल्स विकल्या त्यांची दारं मी कधी पाहिली नव्हती. एका घराच्या मागच्या अंगणात गटार तुंबून तळं झालं होतं आणि आतली बाई म्हणाली, आजवर हे बघायला कोणी आलं नाही. एक निवृत्त ड्रायव्हर म्हणाला, माझ्या दारावर मत मागायला येणारा तू पहिला. आणि प्रत्येक तिसऱ्या दारात मला कळायचं की बाई आधीच येऊन गेल्या आहेत. काय म्हणाल्या? लोक हसून सांगायचे: म्हणाल्या, मिस्टर जगदाळेंनी दुकानाचं दार रुंद केलं, आता व्हीलचेअर आत जाते. म्हणाल्या, माणूस तापट आहे पण शब्दाला पक्का आहे. आणि स्वतःविषयी काय? स्वतःविषयी म्हणाल्या की मी हरणार आहे, पण गुरुवारी या.

त्यांच्या खिडकीत एकच पोस्टर होतं. वॉलपेपरच्या मागच्या बाजूला हाताने लिहिलेलं. उजेड आला की फुलांची नक्षी आरपार दिसायची. त्यावर त्यांचं नाव नव्हतं. ‘गुरुवारी मतदान आहे’ एवढंच. मी रोज त्यावरून जायचो आणि रोज रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघायचो.

मी निवडून आलो. अर्थातच. बाईंना थोडी मतं पडली, वडिलांना पडली असतील त्याहून कमी. मतमोजणीला त्या आल्या नाहीत. दुकानातही आल्या नाहीत. मला वाटलं, येतील, स्टूल आहे, मीच आधी जाऊन काय बोलायचं. शब्द जुळवत होतो. माफी मागणं हा सौदा मी कधी केलेला नाही, त्याचा भाव मला माहीत नव्हता. महिनाभराने कळलं की त्या ग्लासगोला भाच्याकडे राहायला गेल्या. घर आधीच विकायला काढलेलं होतं. त्यांना दोन गिऱ्हाइकं मिळाली होती. जाताना सुनंदाला भेटून गेल्या, मी टाइल्स आणायला गेलो होतो. तिच्याकडे माझ्यासाठी त्यांनी काही निरोप दिला का, हे मी तिला बऱ्याच दिवसांनी विचारलं. म्हणाली, नाही, तुमची चौकशी केली, नेहमीसारखी. आडनाव घेऊन.

ग्लासगोला विमानाने तासाभरात जाता येतं. मी गेलो नाही. कौन्सिलच्या मीटिंग होत्या. ते तुंबलेलं गटार मी सहा मीटिंगमध्ये भांडून साफ करून घेतलं आणि प्रत्येक वेळी वाटायचं, हे झालं की जाऊ. पुढच्या हिवाळ्यात भाच्याचा फोन आला. झोपेत गेल्या, शांतपणे, त्याने सांगितलं. मी काही विचारायच्या आधीच त्याने हेही सांगितलं की त्या निवडणुकीच्या धावपळीमुळे काही झालं नाही, उलट ते दिवस त्यांनी मजेत घालवले. त्याने हे मला का सांगितलं असेल? त्याला काही ठाऊक होतं, की मी गप्प बसलेलो त्याला फोनवर ऐकू आलं?

गेल्या मे महिन्यात माझ्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नाही. ग्रॅहम मुलीकडे वेल्सला गेला. मी त्याची पत्रकं वाटायला तयार होतो, खरोखर होतो. शेवटच्या दिवशी चार वाजेपर्यंत मी कौन्सिलच्या वेबसाइटचं पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. कोणाची वाट बघत होतो ते मला कबूल करवत नाही. चार वाजले, आणि मी बिनविरोध झालो. दादाने फोनवर आरोळी ठोकली.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या पोटनिवडणुकीच्या गुरुवारी.

इथे उमेदवार म्हाताऱ्या मतदारांना गाडीतून मतदानाला नेऊन सोडतात. मी सकाळपासून दुकानाची व्हॅन घेऊन तेच करत होतो. दुपारी दोन आज्यांना चर्च हॉलपाशी उतरवून रिकामी व्हॅन घेऊन खाली निघालो. ऊन होतं आणि वारा फार होता. चढावर, डावीकडच्या फुटपाथवर, बाई येत होत्या. चांगला कोट, हातात काठी, डोक्यावर ती मोहरीची टोपी. दर थोड्या पावलांनी भिंतीला हात लावून उभ्या राहत होत्या. जिथे मी बाक बसवणार होतो तिथे त्या टेकायला जागा शोधत होत्या आणि तिथे काही नव्हतं.

बाजूची सीट रिकामी होती. व्हॅन वळवून त्यांना वर सोडायला किती वेळ लागला असता. मी ब्रेकवर पाय ठेवला. त्यांनी वर पाहिलं आणि व्हॅन ओळखली. तिच्यावर ‘जगदाळे’ असं माझ्या हाताएवढ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. मी मान वळवली. उजवीकडे पाहिलं. तिथे पूर्वी बेकरी होती, आता फोन दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या काचेत बघत मी ब्रेकवरून पाय काढला आणि खाली गेलो.

वळणावर आरशात पाहिलं. बाई चढावर उभ्या होत्या, व्हॅनच्या दिशेने वळून. काठी भिंतीला टेकवली होती. त्यांनी हात वर नेला आणि डोक्यावरची टोपी काढली. केस पांढरे होते, भरपूर, आणि वाऱ्याने सगळे एका बाजूला उडत होते. टोपी त्यांनी छातीपाशी क्षणभर धरली, ओळखीच्या माणसासाठी धरतात तशी. मग पुन्हा डोक्यावर घातली, काठी घेतली आणि मत द्यायला वर निघाल्या.